द्वादशीची भरती

अलिबागजवळ आक्षीला पक्षी बघायला जायचं तर आधी तिथी बघावी, सुट्टीचा वार नंतर. हे मी आमच्या ग्रुपवर इतक्यांदा सांगितलंय की आता सगळे मला 'पंचांगवाली' म्हणतात. म्हणोत बापडे.

भरतीचा हिशेब सोपा आहे. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पक्ष शुद्ध असो की वद्य, गणित तेच. भरती दिवसातून दोनदा येते, त्यामुळे सकाळचे नऊ धरले की रात्रीचे साधारण साडेनऊ आलेच. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, तो धरून चालायचं. आजकाल मिनिटामिनिटाच्या वेळा मोबाइलवर मिळतात आणि कोळीवाड्यातली तरुण पोरंही त्याच बघतात. पण पाऊणपटीचा हिशेब डोक्यात असला की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नुसती नजर टाकून महिन्यातल्या कुठल्या सकाळी कामाच्या आणि कुठल्या फुकट हे ठरवता येतं.

कामाची सकाळ कुठली, तर जिच्यात ऊन पाठीवर आहे आणि पाणी चढतं आहे. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून बसलेला. दुपार कलली की सूर्य समुद्रावर येतो आणि समोरच्या पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. चोच सरळ की वाकडी एवढं कळतं, पिसांचा रंग काही कळत नाही. म्हणून सकाळ हवी. त्यातही सात ते नऊ पाणी वर येत असेल अशा सकाळी एकादशी, द्वादशी आणि त्रयोदशीच्या. महिन्यातून दोनदा हा योग येतो. माझी पसंती द्वादशीला. बाकीच्यांनी एकादशीचा उपास करावा, आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे डबा बांधून निघतो.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की चार-पाच किलोमीटरवर आक्षी. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत गणला जाणारा शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा लेख याच गावातला. त्या विषयावर लिहिणारे माझ्याहून जाणते लोक आहेत. पक्ष्यांसाठी जायचं ते गावाच्या उत्तरेला, खाडीच्या मुखाशी. तिथून दक्षिणेला वाळूवाळूने नागावपर्यंत चालत जाता येतं. पाय आणि वेळ असेल तर पुढे चौल-रेवदंड्यापर्यंतही.

आता चढतं पाणीच का? ओहोटीला हा किनारा अफाट रुंद होतो. घट्ट, काळसर करडी वाळू, मध्ये मध्ये चिखलाचे पट्टे, मुखाजवळ खडक आणि खडकांवर कालवं. पाणी इतकं आत जातं की त्याच्या काठाने चालणारं माणूस बाई की बाप्या हेही ओळखू येत नाही. पक्षी तेव्हा तिथेच, त्या लांबच्या काठाने विखुरलेले असतात. त्यांच्या मागे जायचं म्हणजे त्यांना पुढे पुढे हाकत न्यायचं. चालणाऱ्याच्या वाट्याला उडालेल्या पक्ष्यांच्या पाठी येतात.

पाणी फिरलं की सगळं बदलतं. खायची जागा आकसत जाते, पक्षी मागे मागे सरकू लागतात आणि अखेर पाणी त्यांना वाळूच्या एखाद्या उंच दांड्यावर गोळा करतं. आपण पाणी यायच्या आधीच त्या दांड्यापासून बऱ्याच अलीकडे जाऊन बसलेलो असलो की शोधाशोध करावी लागत नाही. समुद्र त्यांना आणून समोर उभं करतो. रानात पक्षी शोधायला कान लागतो, इथे बूड लागतं. नव्या मंडळींना हे पटायला वेळ जातो. त्यांना 'ट्रेल' म्हणून बोलावलेलं असतं आणि मी त्यांना दीड तास ओल्या वाळूवर बसवून ठेवते.

वाटेत सुरूच्या बनात थांबायचा मोह होतो. हिवाळ्यात तिथे हळद्या असतो, कोतवाल असतात, पालापाचोळा उलटापालटा करणारा नारिंगी डोक्याचा कस्तूर असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा या पट्ट्यातल्या सुरूंची आणि मागच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांची दैना झाली. उन्मळलेले बुंधे पुढे कितीतरी दिवस तसेच पडून होते. सुरू तसा मूळचा इथला नव्हेच. वारा आणि वाळू अडवायला लावलेलं हे झाड. पण पक्ष्यांनी ते आपलं मानलंय, आणि सावली मलाही लागते. बनात पाच मिनिटं, जास्त नाही. पाणी थांबत नाही.

बसल्यावर पहिली ओळख होते ती सँडरलिंगची. पांढुरका, मुठीएवढा पक्षी. लाट मागे गेली की तिच्या मागे धावत जाऊन ओल्या वाळूत चोच मारतो, पुढची लाट आली की तिच्यापुढे पळत सुटतो. त्याला मागचा अंगठा नसतो. जवळपासच्या इतर टिलव्या-तुतवारांना तो असतो, ह्याला नाही. सगळी बोटं पुढे. दुर्बिणीतून ताज्या वाळूवरचे ठसे बघितले तर हे स्पष्ट दिसतं.

प्लोव्हर म्हणजे चिखल्यांची तऱ्हा वेगळी. पळायचं, थबकायचं, बघायचं, टिपायचं. मोठे डोळे, आखूड चोच. ते डोळ्यांनी शिकार करतात आणि वाळूच्या वर जे हललं तेच खातात. त्यांच्या शेजारी उभा असलेला गॉडविट मात्र लांब चोच मुळापर्यंत वाळूत खुपसून डोळे जवळजवळ पाण्याला टेकवतो, आणि तरी नेमका किडा ओढून काढतो. या लांब चोचींच्या टोकाला दाबाची विलक्षण जाण असते. काहींना चोच न उघडता फक्त तिचं टोक तेवढं उघडता येतं, त्यामुळे वाळूत रुतलेल्या चोचीतही घास पकडता येतो. 'नॉट' नावाच्या टिलव्यावर नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. ओल्या वाळूत चोच खुपसली की वाळूच्या कणांमधलं पाणी दाबलं जातं. जवळ शिंपला असेल तर तो दाब वेगळा लागतो, आणि पक्षी शिंपल्याला स्पर्शही न होता तो कुठे आहे हे ओळखतो. एकाच वीतभर वाळूत इतके पक्षी भांडणाशिवाय कसे जेवतात, याचं उत्तर या चोचींच्या लांबीत आहे. प्रत्येकाचा मजला वेगळा.

सगळ्यात खालचा मजला कुरल्यूचा. आपल्याकडे कोरल म्हणतात. दाभणासारखी खाली वाकलेली चोच, मादीची नराहून लांब. मागच्या थंडीत एक कोरल आमच्यापासून जेमतेम चाळीस पावलांवर आला. त्याने एका बिळात तिरकी चोच घातली, मान थोडी फिरवली, पुन्हा घातली. बाहेर आला तो खेकडा. त्याने तो गिळला नाही. एका पायाला धरून गदागदा हलवला, पाय तुटला, खेकडा वाळूवर पडला. दुसऱ्या पायाला धरलं, पुन्हा तेच. असे नांगे आणि पाय झाडून झाल्यावर उरलेला गोल गरा अलगद चोचीच्या टोकाशी धरला आणि मान वर करून आत सोडला. गळ्यातून खाली उतरणारा फुगवटा दुर्बिणीतून दिसत होता. मग गळून पडलेले दोन पायही वेचून खाल्ले. माझ्या शेजारी बसलेल्या आजी, ज्या मुळात नातवाला सोबत म्हणून आल्या होत्या, म्हणाल्या, "आमच्या सुनेला असा साफ करता येत नाही."

कोरलांकडे बघताना मला हटकून त्यांच्या एका भावंडाची आठवण होते. बारीक चोचीचा कुरल्यू सायबेरियाकडून भूमध्य समुद्राच्या काठी हिवाळ्याला यायचा. १९९५ साली मोरोक्कोच्या किनाऱ्यावर तो शेवटचा खात्रीने दिसला. त्यानंतर कितीतरी लोकांनी साध्या कोरलांच्या थव्यांतला एकेक पक्षी तपासला, वर्षानुवर्षं. तो सापडला नाही आणि आता तो नामशेष झाल्याचं शास्त्रज्ञांनी मान्य केलंय. आपल्या किनाऱ्याशी त्याचा संबंध नाही. पण गर्दीत उभा असलेला पक्षी गर्दीतल्या गर्दीत संपतो आणि ते कळायला लोकांना पंचवीस-तीस वर्षं लागतात, हे मला मोजणी करताना टोचत राहतं. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची मोजणी होते, १९८७ पासून. तिच्यासाठी थंडीत चार तास उभं राहून आकडे लिहिताना कंटाळा आला की मी हाच पक्षी आठवते.

खाडीच्या मुखाशी नाना बसलेले असतात. समुद्रावर जाणं त्यांनी सोडलंय, आता जाळी सांधतात. माझा पाऊणपटीचा हिशेब त्यांच्यापुढे बालिश. ते पाण्याचा वास घेऊन सांगतात की काय, देव जाणे. एकदा नवमीला सुट्टी जोडून आली म्हणून मी गेले, तर लांबूनच म्हणाले, "बाय, आज भांगाचं पानी हाय. तुजी पाखरं लांबच ऱ्हातील." तसंच झालं. अष्टमी-नवमीला चंद्र आणि सूर्याची ओढ एकमेकांशी काटकोनात असते. पाणी धड आत जात नाही, धड वरही येत नाही. हाच भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला या पट्ट्यात पाण्याची चढउतार चार मीटरच्या वर जाते, भांगाला तिच्या निम्मीही नसते. पक्ष्यांना मागे सरकायची गरज पडत नाही आणि ते दिवसभर लांबच्या चिखलात निवांत चरत राहतात. आम्ही अलीकडे डबे खात बसतो.

नानांच्या घरच्या बायका सुकतीला खडकांवर कालवं फोडायला जातात. त्याच खडकांवर हिवाळ्यात कालवफोड्या उतरतो. काळापांढरा कोट, लालभडक चोच, लालच डोळा. इंग्रजीत ऑयस्टरकॅचर. त्याची चोच दोन्ही बाजूंनी चपटी, पात्यासारखी असते. ती शिंपल्याच्या फटीत घालून आतला धरून ठेवणारा स्नायू कापायचा, की शिंपला ठोकून फोडायचा, यात त्यांच्यातही दोन पंथ असतात. बरंचसं आईबापांकडे बघून शिकलेलं. ठोकणाऱ्याच्या चोचीचं टोक झिजून बोथट होतं, किडे वेचणाऱ्याचं टोकदार होतं, आणि खाणं बदललं की टोकही बदलतं. नानांच्या सुनेला हे सांगितलं तेव्हा तिने आपलं लोखंडी हत्यार माझ्यापुढे धरलं. तेही एका बाजूने झिजलेलं होतं. "मंग?" एवढंच म्हणाली आणि कामाला लागली.

कुरवांचं, म्हणजे सीगल्सचं, मात्र मला फार कौतुक नाही. म्हणजे पक्षी देखणे, पण त्यांना आपण बिघडवलंय. गेटवेहून मांडव्याला लाँचने आलात तर बघालच. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत लाँचच्या मागे त्यांची झुंबड असते आणि प्रवासी गाठी, चिप्स, काय वाट्टेल ते उधळत असतात. ते व्हिडिओ सुंदर येतात. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाखच्या त्सो मोरीरीसारख्या तळ्यांवर, साडेचार हजार मीटर उंचीवर, पिल्लं काढणारा. तिबेटातही. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला आपण पाम तेलात तळलेलं बेसन खायला घालतो. आक्षीला निदान तो मचव्यांच्या मागे मासळी खायला असतो. थंडीत त्याचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळपट डाग. फेब्रुवारी उजाडला की तो डाग पसरू लागतो, आणि मार्चमध्ये अख्खं डोकं गडद तपकिरी झालेले पक्षी दिसले की समजायचं, हे निघाले. पॅलासचा थोराड कुरव याही आधी काळं डोकं घालून तयार असतो.

जवळच्या किहीमची गोष्ट इथे सांगायलाच हवी, जरी ती समुद्रपक्ष्यांची नाही. १९३० मध्ये सालिम अली बर्लिनहून पक्षीशास्त्राचं शिक्षण घेऊन परतले तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी पैशांअभावी बंद झालेली. नवरा-बायको किहीमला येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाकडे वेळ भरपूर, त्यांनी पावसाळ्याचे ते महिने तिच्यासमोर बसून काढले. त्यातून कळलं की खोपा विणतो तो नर. अर्धवट झाला की माद्या येऊन तपासतात, एखादीने पसंत केला तरच तो पुरा करतो, आणि ती अंड्यावर बसली की हा गडी दुसऱ्या खोप्याच्या मागे आणि दुसऱ्या मादीच्याही. या अभ्यासाने त्यांचं नाव झालं. मला त्यातली बैठक आवडते. रायगडच्या किनाऱ्यावर एक माणूस एका जागी बसून राहिला आणि रोज समोर दिसणाऱ्या पक्ष्याबद्दल कुणाला माहीत नव्हतं ते त्याला कळलं. आमच्या 'ट्रेल'वर दीड तासात अस्वस्थ होणाऱ्यांना मी ही गोष्ट ऐकवते. फरक पडतोच असं नाही.

आता रविवारचं. नागावच्या बाजूला शनिवार-रविवारी वाळूवर मोठ्या चाकांच्या गाड्या फिरतात, घोडागाड्या असतात, पॅराशूट असतं, केळ्याच्या आकाराच्या होड्या असतात. गावाचं पोट त्यावर चालतं, मी बोलणारी कोण. पण भरतीला जो वाळूचा दांडा पाण्याबाहेर राहतो तोच पर्यटकांनाही फिरायला उरतो. पक्ष्यांना तिथे तास-दोन तास उभं राहून विश्रांती घ्यायची असते, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. गाडी आली की सगळा थवा उठतो, समुद्रावर एक चक्कर मारून परत येतो. पुन्हा गाडी, पुन्हा चक्कर. कुत्र्यांचं तसंच.

गाडीवाल्यांपेक्षा मला राग येतो तो आपल्याच जातभाईंचा. आमच्या गळ्यात दुर्बिणी असतात, आम्हाला कळायला हवं. उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा म्हणून बसलेल्या थव्याकडे मुद्दाम पळत जाणारे महाभाग मी बघितलेत, आणि त्या फोटोंखाली 'निसर्गाचं नृत्य' वगैरे लिहिलेलं वाचलंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात. अलास्काहून निघालेल्या एका गॉडविटच्या पिल्लाने २०२२ मध्ये टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अंतर एकदाही न उतरता कापलं, अकरा दिवसांत. जेमतेम पाच महिन्यांचं पोर. पाठीवरच्या यंत्रामुळे ते कळलं. आक्षीचे गॉडविट त्या पॅसिफिकवाल्यांतले नव्हेत, ते सायबेरियाकडून येतात आणि त्यांना वाटेत थांबे मिळतात. पण हिशेब तोच आहे. प्रत्येक फुकटची चक्कर त्या चरबीतून वजा होते. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल लांब पल्ल्याचे स्थलांतरित पक्षी, त्यातही किनारी पक्षी, घटत असल्याचं सांगतो. त्या घटीची कारणं सायबेरियापासून चीनच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली आहेत आणि त्यात आपण काही करू शकत नाही. नागावच्या वाळूवर न पळणं मात्र जमण्यासारखं आहे.

सँड प्लोव्हरवरून आमच्यात दर वर्षी भांडणं होतात. पूर्वी दोनच होते, लहान आणि मोठा. अलीकडे लहानाचे दोन पक्षी केले, तिबेटी आणि सायबेरियन. आपल्याकडचे बहुतेक तिबेटी. थंडीत हा आणि मोठा दोघेही सारखेच, वरून मातकट, खालून पांढरे. मोठ्याची चोच लांब आणि जाड, पाय लांब आणि पिवळसर हिरवट. पुस्तकात हे शेजारी शेजारी काढलेलं असतं. किनाऱ्यावर शेजारी शेजारी कुणी उभं राहत नाही. चोचीची लांबी चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराशी ताडून बघायची, हा उपाय चांगला, पण पक्षी मान तिरकी करतो आणि हातात काही लागत नाही. आमच्यातल्या एक निवृत्त गणिताच्या बाई वहीत सरळ 'सँड प्लोव्हर, कुठलातरी' असं लिहितात आणि पुढे संख्या. तरुण मंडळी हसतात. मला तर त्यांची नोंद सगळ्यात खात्रीची वाटते.

एप्रिलअखेर दांडा रिकामा होतो. जाताना काही गॉडविटांची छाती विटकरी लाल झालेली दिसते, सँड प्लोव्हरही तांबूस पट्टा घालून निघतात. सगळे जात नाहीत. गेल्याच वर्षी जन्मलेली पोरं अजून पिल्लं काढायच्या वयाची नसतात, त्यांतली कित्येक पावसाळाभर इथेच राहतात. जूनमध्ये मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली जातात, पर्यटकही आटतात, आणि भर पावसात एखादा कोरल त्या मोकळ्या किनाऱ्यावर एकटाच हिंडताना दिसतो.

पावसाळ्यात आमचा ग्रुप येत नाही, मी मधूनमधून जाते. कारण तेव्हा खोल समुद्रातले पक्षी वाऱ्याने फेकले जातात. एरवी जमीन न बघणारे बूबी, शिअरवॉटर, काळपट सुरय, वादळानंतर थकून वाळूवर येऊन पडतात. गेल्या जुलैत सलग दोन दिवस वारा पिसाटला होता. तिसऱ्या दिवशी नानांचा फोन आला, "बाय, मोठा पाखरू हाय, बदकावानी. चावतो."

गेले. मास्क्ड बूबी होता. पांढराशुभ्र, पंखांची कड काळी, चोचीभोवती काळा मुखवटा, पिवळट डोळा. तीन पोरं त्याला 'समुद्राचा आहे, समुद्रात सोडू' म्हणून सकाळपासून लाटांत ढकलत होती आणि लाटा त्याला परत आणून टाकत होत्या. शेवटी नानांनी पोरांना हाकललं आणि त्याच्यावर मासळीची पाटी पालथी घातली. पाटी उचलून बघते तर चोचीला नायलॉनचा दोरा गुंडाळलेला. नानांच्या नातवाला चावा बसला होता, त्याने बंदोबस्त केला होता. मी घाईने दोरा सोडवला. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात. वरून सूर मारून समुद्रात घुसणारा पक्षी, पाणी आत जाऊ नये म्हणून त्या बंद झालेल्या. श्वास तोंडाच्या कडेने. चोच बांधली की तो गुदमरतो. नातवाला हे सांगितलं तर तो कावराबावरा झाला. मग आपल्या बोटावरची जखम दाखवून म्हणाला, "पण चावला तो."

असा पक्षी मिळाला तर पाण्यात ढकलू नये, तोंडात मासे कोंबू नयेत, पाणी पाजू नये. टॉवेल टाकून धरावं, अंधाऱ्या, हवा येणाऱ्या खोक्यात ठेवावं आणि वनखात्याला कळवावं. त्या दिवशी खोकं काही मिळालं नाही, पावसाने सगळ्या पुठ्ठ्यांचा लगदा झालेला. वनखात्याचा माणूस मोटरसायकलवर आला, त्याने पाटीच उलटी करून त्यात टॉवेल अंथरला, पक्षी ठेवला, वरून नानांचं जुनं जाळं बांधलं आणि मागे बसलेल्या सहकाऱ्याच्या मांडीवर दिली. पक्ष्याने जाळ्यातून चोच बाहेर काढून त्याच्या रेनकोटला एक चावा घेतला. नाना मोटरसायकलच्या मागे दहा पावलं धावले आणि ओरडले, "पाखरू ठेवा, पाटी परत पायजे!"